मुलांच्या पावलाने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१४, अनुवाद ६:४-९, २०-२५, लूक २:४१-५२



कौटुंबिक जीवनाविषयी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ बोलले जाते. पतिपत्नींची परस्पर कर्तव्ये, मुलांची शिस्त, सायंकाळची कौटुंबिक उपासना हे विषय उपदेशांतून आणि शिबिरांतून वारंवार येतात. परंतु लहान मुलांचा हात धरून आईबाप बाजारात जातात, बागेत जातात, एखाद्या सुट्टीच्या दिवशी गावातील जुनी वास्तू पाहून येतात, त्या वेळेकडे आपण अभ्यासाचा विषय म्हणून सहसा पाहत नाही. ती वेळ कोणाला निव्वळ करमणूक वाटते, तर कोणाला आठवड्याच्या कामांवर चढलेले आणखी एक ओझे. पवित्र शास्त्र मात्र या वेळेविषयी मौन बाळगत नाही.

राजस्थानातील जयपूर येथे नोकरीनिमित्त राहणारे एक मराठी ख्रिस्ती कुटुंब माझ्या परिचयाचे आहे. पती बँकेत, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. मुले शाळेत हिंदी व इंग्रजी बोलतात. घरात मराठी आहे, पण ती हळूहळू जेवणाच्या ताटापुरती उरली आहे. जालन्याची आजी फोनवर प्रार्थना करते, तेव्हा मुले मान खाली घालून ऐकतात. मात्र तिचे निम्मे शब्द त्यांना कळत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे मुक्कामास असताना त्या गृहस्थांनी मला विचारले, "काका, आठवड्यात रविवारी दुपारचे तीन तास काय ते आमच्या हाती लागतात. त्या वेळात मुलांकडून वचने पाठ करून घ्यावी, की त्यांना फिरायला न्यावे? दोन्ही जमत नाही, आणि एक केले की दुसरे राहून गेल्याची टोचणी लागते."

हा प्रश्न एका घराचा नाही. आपले गाव, आपली मंडळी, आपले आजीआजोबा यांच्यापासून दूर, मग ते सुरतेत असोत, बंगळुरात असोत की मुंबईच्याच एखाद्या दूरच्या उपनगरात, संसार करणाऱ्या असंख्य आईबापांचा तो प्रश्न आहे. म्हणून या पाठात आपण तीन शास्त्रभाग पाहू आणि त्यांच्या प्रकाशात या प्रश्नाचे उत्तर शोधू.

१. याकोबाची विनंती

पहिला भाग उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायातील आहे. वीस वर्षांच्या परदेशवासानंतर याकोब आपल्या भावाला भेटतो. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. भेट होते, अश्रू वाहतात, आणि मग एसाव म्हणतो की, चल, आपण बरोबरच निघू. याकोब नम्रपणे नकार देतो. तो सांगतो की मुले कोवळी आहेत आणि मेंढरे व गुरे पिलांना पाजणारी आहेत. एक दिवस जरी त्यांना जास्त दामटले तरी कळप मरून जाईल. तेव्हा धन्याने पुढे व्हावे. आपण हळूहळू, गुरांच्या व मुलांच्या चालीने मागून येऊ.

येथे मूळ इब्री वाक्यरचना फार बोलकी आहे. "मुलांच्या चालीने" असे आपण ज्याला म्हणतो, तेथे 'रेगेल' म्हणजे 'पाऊल' हा शब्द आहे. मुलांचे पाऊल पडेल त्या मानाने आपण चालू, असा तो अर्थ. बापाच्या पावलाने मुलांनी धावायचे नाही. मुलांच्या पावलाने बापाने चालायचे.

याकोबाचे हे बोलणे सर्वस्वी निष्कपट होते असे म्हणता येणार नाही. सेईरास येतो असे सांगून तो सुक्कोथाला गेला, हे त्याच अध्यायात लिहिलेले आहे. भावाची धास्ती त्याच्या मनातून गेली नसावी. तरीसुद्धा मुलांविषयी त्याने जे सांगितले ते खरे होते, आणि त्याने निवडलेले शब्द शास्त्रात पुढेही भेटतात. 'हळूहळू घेऊन चालणे' यासाठी येथे जो 'नाहल' हा धातू आला आहे, तोच तेविसाव्या स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात मेंढपाळ आपल्या मेंढराला संथ पाण्याजवळ नेतो तेथे येतो. यशया ४०:११ मध्ये देव आपल्या कळपाला कसे नेतो याचे चित्र आहे. तेथे हा धातू तर आहेच, शिवाय 'पाजणाऱ्या' हा याकोबाचा शब्दही आहे. म्हणजे लहानांच्या पावलाने चालणे ही केवळ आईबापांची सोय नाही. प्रभू आपल्याशी ज्या रीतीने वागतो, तीच ही रीत आहे.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. चार वर्षांचे मूल दुपारी एका ठिकाणी तासभर रमते. नंतर ते थकते, तहानते, कडेवर घेण्याचा हट्ट धरते. त्याच दिवशी आमेरचा किल्ला, जलमहाल, हवामहाल आणि बाजार असे सर्व उरकण्याचा बेत आखला, तर ती एसावाच्या चारशे माणसांची चाल झाली. अशा दिवसाच्या शेवटी मूल रडते, बाप खेकसतो, आई गप्प होते; आणि घरी आल्यावर सर्वांना वाटते की पुन्हा बाहेर पडणे नको. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, नाहीतर ती खिन्न होतील, असे पौल कलस्सैकरांस ३:२१ मध्ये बजावतो. तेथील ग्रीक शब्दाचा अर्थ 'मनातील उमेद नाहीशी होणे' असा आहे. थकलेल्या मुलाला ओढत नेणारा बाप बहुधा वाईट हेतूने वागत नसतो. पण मुलाची उमेद त्यानेही जाते.

२. वाटेने चालताना

दुसरा भाग आपल्याला तोंडपाठ आहे. अनुवाद ६:७ मध्ये चार वेळा सांगितल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. या चारांपैकी एकही वेळ खास उपासनेची नाही. मोशे येथे मंदिराचे किंवा सभेचे नाव घेत नाही. तो अशाच वेळा निवडतो, ज्या प्रत्येक घरात, गरिबाच्या आणि श्रीमंताच्या, रोज येतात.

या वचनातील मुख्य क्रियापदाकडे भाषांतरकाराला थांबून पाहावे लागते. 'शिकवणे' यासाठी इब्रीत 'लिम्मद' हा नेहमीचा शब्द आहे, आणि अनुवाद ११:१९ मध्ये याच आज्ञेची पुनरुक्ती करताना तोच वापरला आहे. परंतु सहाव्या अध्यायात 'शानन' हा धातू आहे. त्याचा मूळ अर्थ धार लावणे. अनुवाद ३२:४१ मध्ये तलवारीला धार लावण्याविषयी आणि स्तोत्र १२०:४ मध्ये अणकुचीदार बाणांविषयी हाच धातू आहे. काही अभ्यासक येथे 'पुन्हा पुन्हा सांगणे' असा अर्थ घेतात. दोन्ही अर्थ एकमेकांपासून दूर नाहीत. कारण सुरीला एका घासण्याने धार येत नाही.

मराठीत आपण अशा जागी 'मनावर बिंबवणे' म्हणतो. तो शब्द सुंदर आहे, आणि तो बदलावा असे मी म्हणणार नाही. परंतु त्यातील चित्र वेगळे आहे. बिंब उमटताना पृष्ठभाग स्वस्थ असतो. सर्व काही बाहेरून त्यावर पडते. धार लावताना पाते आणि दगड यांचा परस्परांशी स्पर्श व्हावा लागतो. दगड दूर ठेवून धार लावता येत नाही. हलक्या हाताने, थोडे थोडे, अनेकदा घासावे लागते. जोर जास्त झाला तर पाते खराब होते. आणि धार बाहेरून आणून चिकटवायची नसते; ती त्याच लोखंडातून काढायची असते.

मुलाच्या मनाला धार येते ती प्रामुख्याने त्याच्या प्रश्नांतून. म्हणूनच त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनात मोशे म्हणतो की, पुढे तुझा मुलगा तुला विचारील. असा विचारणारा मुलगा शास्त्रात पुन्हा पुन्हा भेटतो : वल्हांडणाच्या रात्री (निर्गम १२:२६), प्रथमजन्मलेल्यांच्या विधीच्या वेळी (निर्गम १३:१४), आणि यार्देनेतून उचलून आणलेल्या बारा धोंड्यांजवळ (यहोशवा ४:६, २१). मूल प्रश्न विचारणार, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. ते प्रश्न विचारते म्हणून त्याला कोणी दटावत नाही. उलट, धोंडे उभे केले जातात तेच त्याने विचारावे म्हणून.

आणि उत्तर कसे द्यायचे? मुलगा नियमांविषयी विचारतो : या आज्ञा, हे विधी कशासाठी? बापाचे उत्तर नियमांच्या स्पष्टीकरणाने सुरू होत नाही. ते गोष्टीने सुरू होते : आपण मिसर देशात दास होतो, आणि परमेश्वराने आपल्याला बाहेर काढले. 'आपण' हा शब्द महत्त्वाचा आहे. मोशेचे हे शब्द ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा जन्म रानातच झाला होता. तरी ती गोष्ट त्यांची होती, आणि त्यांच्या मुलांचीही.

३. धोंडे, सावली आणि एक प्रश्न

त्या रविवारी उपासनेनंतर आम्ही सर्व जण जयपूरचे जंतरमंतर पाहावयास गेलो. मानसरोवर ते बडी चौपड अशी मेट्रोने वाट केली. मुलांचा अर्धा आनंद त्या प्रवासातच होता. ठरवले होते की एकच ठिकाण पाहायचे आणि ऊन उतरण्यापूर्वी घरी परतायचे.

जयपूर शहर सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवले. जंतरमंतर ही त्यांचीच वेधशाळा. २०१० मध्ये तिचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. तिच्या इतिहासात मराठी वाचकाने अभिमान बाळगावा असा एक धागा आहे. जयसिंहांच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रातील विद्वान होते. त्यांनी युक्लिडचा भूमितीवरील ग्रंथ अरबीतून संस्कृतात 'रेखागणित' या नावाने आणला, आणि टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ 'सम्राटसिद्धांत' या नावाने. भाषांतराचे काम करणाऱ्याला त्या आवारात उभे राहिल्यावर त्यांची आठवण येणे स्वाभाविक आहे.

मुलांना अर्थातच यातले काहीही नको होते. त्यांना आकाशात चढत गेलेला तो प्रचंड जिना हवा होता. सम्राट यंत्र म्हणून ओळखली जाणारी ही सूर्यघटी सुमारे २७ मीटर उंच आहे. तिच्या तिरप्या भिंतीचा कोन सुमारे २७ अंशांचा, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतका आहे. म्हणून ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. दोन्ही बाजूंना संगमरवरी वक्र पट्ट्या आहेत आणि त्यांवर भिंतीची सावली सरकते. ही सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला तीन-चार बोटे पुढे जाते. घड्याळाचा तासकाटा हलताना दिसत नाही. येथे मात्र काळ डोळ्यांसमोर चालतो. चार वर्षांचा तो मुलगा सावलीच्या कडेकडे टक लावून बसला आणि ती पुढच्या रेघेवर पोहोचली की टाळ्या वाजवू लागला.

मुलीने वेगळी गोष्ट टिपली. तिने बाबांच्या मनगटावरील घड्याळ पाहिले, मग यंत्रावरील वेळ मार्गदर्शकाला विचारून घेतली, आणि म्हणाली, "पप्पा, दोघांचा टाइम वेगळा आहे. चुकीचं कोण?"

वडिलांना उत्तर ठाऊक नव्हते. "उगाच काहीतरी विचारू नकोस" असे म्हणणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. चल, या काकांनाच विचारू." मार्गदर्शकाने समजावून सांगितले की चूक कोणाचीच नाही. यंत्र जयपूरच्या सूर्याची वेळ दाखवते. घड्याळ सर्व भारताने मान्य केलेली वेळ दाखवते, आणि ती पूर्वेकडील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावरून ठरलेली आहे. सूर्य आधी तेथे माथ्यावर येतो, मग सरासरी २७ मिनिटांनी जयपुरात. वर्षभरात हा फरक सुमारे १० ते ४१ मिनिटांच्या दरम्यान कमीजास्त होतो. मुलीला आकडे कितपत कळले हे सांगता येत नाही. पण आपल्या वडिलांना न लाजता "माहीत नाही" म्हणता येते, आणि मग ते आपल्याबरोबर उत्तर शोधायला निघतात, हे तिला निश्चित कळले. ज्या घरात बाप एवढे प्रामाणिकपणे बोलतो, त्या घरात तो देवाविषयी बोलेल तेव्हा मूल त्याच्या शब्दावर विश्वास ठेवील.

त्याच रात्री जेवणानंतर आम्ही २ राजे २०:८-११ वाचले. आजारी हिज्कीया राजाला चिन्ह म्हणून सावली दहा अंश मागे गेली, ही ती कथा. जेथे भाषांतरांतून 'अंश' किंवा 'सूर्यघटी' असे शब्द येतात, तेथे मूळ इब्री शब्द 'मअलोथ' आहे, आणि त्याचा साधा अर्थ 'पायऱ्या' असा आहे. आहाजाची सूर्यघटी कशी होती हे शास्त्र सांगत नाही. बहुधा ती एखादी पायऱ्यांची रचना असावी आणि तिच्यावरून सावली उतरत असावी. मुलांना हे समजावून सांगावेच लागले नाही. त्यांनी दुपारी जिना पाहिला होता, सावली पाहिली होती, आणि ती एकाच दिशेने जाते हेही पाहिले होते. "मागे गेली?" असे मुलगा दोनदा म्हणाला. त्या कथेतील आश्चर्य त्याच्यापर्यंत पोहोचले होते. वर्गात बसवून ते त्याच्यापर्यंत पोहोचवणे कठीण होते.

हाच 'मअलोथ' शब्द १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांच्या शीर्षकांत आहे. ती यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची गीते असावीत असे बहुतेक अभ्यासक मानतात. घर, मुले आणि जेवणाची पंगत यांच्याविषयीची १२७ व १२८ ही स्तोत्रे त्यांतच यावीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

४. सोबतीची वाट

अशाच एका यात्रेचे वर्णन लूकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. योसेफ आणि मरीया दरवर्षी वल्हांडणासाठी नासरेथाहून यरुशलेमेस जात. वाट शंभर किलोमीटरांहून अधिक, म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. चव्वेचाळिसाव्या वचनात या प्रवासी समुदायासाठी 'सुनोदिया' हा ग्रीक शब्द आहे. नव्या करारात तो येथेच एकदा येतो. 'बरोबर' आणि 'वाट' या दोन शब्दांतून तो बनला आहे. आपल्याकडील दिंडी ज्याने पाहिली आहे, त्याला त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. बारा वर्षांचा मुलगा दिवसभर दिसला नाही, तरी तो नातलगांत व ओळखीच्यांत असेल असे आईबापांनी समजावे, यावरून त्या समुदायात मुले सर्वांचीच असत हे दिसते.

तीन दिवसांनी मुलगा सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसलेला. लूक दोन गोष्टी नोंदवतो : तो ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता. मोशेने ज्या विचारणाऱ्या मुलाची वाट पाहिली, तो येथे बसला आहे. त्याचे उत्तर आईबापांना समजले नाही, हेही लूक लपवत नाही. मुलाचे बोलणे न समजणे हा आईबापांचा कमीपणा नाही. मरीयेने ते सर्व मनात जपून ठेवले. आणि तो मुलगा त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला. त्यानंतरच्या सुमारे अठरा वर्षांविषयी शास्त्रात जवळजवळ काही नाही. एका खेडेगावातील घर, काम, जेवण, वाट, एवढेच. तारणाऱ्याच्या आयुष्याचा सर्वांत मोठा भाग अशा साध्या दिवसांत गेला.

परमुलखातील कुटुंबाची खरी अडचण ही आहे की त्याला 'सुनोदिया' उरलेला नाही. काका, आत्या, आजी कोणी बरोबर नाही. दोन मोठी माणसे आणि दोन मुले एवढीच यात्रा. येथे मंडळीने पुढे आले पाहिजे. ज्यांची मुले दूर गेली आहेत अशी वडीलधारी माणसे प्रत्येक मंडळीत असतात. महिन्यातून एकदा दोन-तीन कुटुंबांनी मिळून निघावे आणि अशा एखाद्या आजीला किंवा आजोबांना बरोबर घ्यावे. मुलांच्या कानी मराठी पडेल, आईबापांना विसावा मिळेल, आणि एकाकी माणसाला कोणाचा तरी हात धरता येईल.

५. आपल्यातील एक उदाहरण

वाटेने चालताना शिकलेल्या मुलीचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच भाषेत आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. पुढे हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना आईनेच शिकवले. दिवसभर संसाराची कामे असत. म्हणून लक्ष्मीबाई पहाटेच्या अंधारात मुलीला मायेने उठवीत आणि पाठ देत. शाळा नव्हती, घर नव्हते, पुष्कळदा पोटभर अन्नही नव्हते. तरी निजताना, उठताना आणि वाटेने चालताना त्या मुलीच्या बुद्धीला जी धार आली, तिच्यापुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी मान लववली.

लक्ष्मीबाईंचे दैवत आणि त्यांचे ग्रंथ वेगळे होते. परंतु मुलीसाठी पहाटेची झोप सोडणारी ती माता नसती, तर पुढे मूळ इब्री व ग्रीक भाषा अभ्यासून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र उतरवणारी रमाबाईही नसती. ते भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्णपणे प्रसिद्ध झाले. आईने वाटेवर दिलेले कोठे पोहोचेल, हे आईला त्या वेळी दिसत नाही.

६. आपल्या घरासाठी

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू : वचने पाठ करून घ्यावी, की फिरायला न्यावे? शास्त्र या दोहोंना एकमेकांविरुद्ध उभे करीत नाही. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसणे आणि वाटेने चालणे एकाच वाक्यात आहेत. मात्र त्याआधी आणखी एक वचन आहे, ते विसरून चालणार नाही : या गोष्टी प्रथम आईबापांच्या हृदयात असाव्यात (६:६). जे आपल्या मनात नाही, ते वाटेत ओठांवर येणार नाही. आणि जे मनात आहे, ते येण्यासाठी प्रवचनाची तयारी लागत नाही.

काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. एका वेळी एकच ठिकाण निवडावे. जयपुरात ऑक्टोबर ते मार्च हा काळ त्यासाठी सुखाचा. उन्हाळ्यात सकाळ सोडून बाहेर पडू नये. पैसा फार लागत नाही. रामनिवास बागेत बसून घरची पोळीभाजी खाणे मुलांना पुरते. बोट दाखवून सतत शिकवत राहू नये. मूल कशाजवळ थांबते ते पाहावे आणि त्याच्याबरोबर थांबावे. भ्रमणध्वनी छायाचित्रापुरता बाहेर काढावा. प्रत्येक वस्तूतून धडा काढण्याचा आग्रह धरू नये. धार लावताना हात हलका हवा. आणि रात्री निजताना मुलांना एवढेच विचारावे की, आज तू काय पाहिलेस? त्या उत्तरातूनच प्रार्थनेचा विषय मिळतो.

कधी कधी मुलांचे प्रश्न जड असतात. याच कुटुंबातील आजोबा आदल्या वर्षी वारले होते. नंतरच्या एका रविवारी मुले रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालयात गेली. हे संग्रहालय १८८७ पासून लोकांसाठी खुले आहे आणि तेथे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एका मिसरी स्त्रीची ममी आहे. ती पाहून मुलगी आईला म्हणाली, "आजोबांना असं का नाही ठेवलं? मग आपल्याला ते दिसले असते." आईने तिला बाहेर हिरवळीवर नेऊन बसवले आणि गोष्ट सांगितली. मुलांच्या पावलाने चालणारा तो याकोब, त्याचे शरीर मिसरी वैद्यांनी असेच मसाला भरून जतन केले होते (उत्पत्ती ५०:२-३). योसेफाचेही तसेच केले. पण योसेफाने आपल्या लोकांकडून शपथ घेतली होती की, देव तुम्हाला येथून नेईल तेव्हा मला येथे ठेवू नका. आणि मोशेने त्याच्या अस्थी बरोबर नेल्या (निर्गम १३:१९). "त्याला जपून ठेवलेलं राहायचं नव्हतं," आई म्हणाली, "त्याला घरी जायचं होतं. आजोबांनाही." मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले की जालन्याला पुन्हा केव्हा जायचे, आजीला हे सांगायचे आहे.

त्या मातेने मला हे पत्राने कळवले, तेव्हा मला वाटले की पतीच्या प्रश्नाचे उत्तर पत्नीने दिले आहे. तीन तासांपैकी ते उत्तर देण्यास पाच मिनिटेही लागली नसतील. परंतु ती पाच मिनिटे केव्हा येतील हे आधी ठरवता येत नाही. ती यावीत म्हणून उरलेला वेळ मुलांच्या पावलाने चालावे लागते.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. उत्पत्ती ३३:१३-१४ आणि यशया ४०:११ एकत्र वाचा. देव आपल्याला ज्या चालीने नेतो, तिच्याविषयी या दोन भागांतून काय दिसते?

२. अनुवाद ६:७ मधील चार वेळांपैकी आपल्या घरात सध्या कोणती वेळ सर्वांत मोकळी आहे? कोणती हरवली आहे?

३. अनुवाद ६:२०-२५ मध्ये बाप आपले उत्तर गोष्टीने का सुरू करतो? आपल्या घराण्याची कोणती गोष्ट आपल्या मुलांना अजून ठाऊक नाही?

४. मुलाच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर आपण बहुधा काय म्हणतो? काय म्हणावे?

५. आपल्या मंडळीत नातलगांपासून दूर राहणारी कुटुंबे कोणती? त्यांची 'सोबतीची वाट' होण्यासाठी येत्या महिन्यात आपण कोणती एक गोष्ट करू शकतो?